निवडलेला वाटा

सामान्य काळातील सोळावा रविवार – वर्ष ‘क’
वाचने : उत्पत्ती १८:१-१०, कलस्सैकरांस १:२४-२८, लूक १०:३८-४२



आपल्या घरातील आजी, आई, काकी तांदूळ निवडायला बसत, ते दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. पडवीत उजेडाला बसायचे, सूप घ्यायचे, तांदूळ पाखडायचे, कोंडा उडवायचा आणि मग मूठमूठ तांदूळ बाजूला सारत खडा आणि किडका दाणा वेचून टाकायचा. घाई केली की जेवताना दाताखाली खडा आलाच म्हणून समजा. आता तांदूळ पिशवीतून निवडूनच येतो. पण निवडण्याचे काम काही संपलेले नाही. ते सुपातून उठून आपल्या हातातल्या फोनमध्ये आणि कचेरीतल्या संगणकात जाऊन बसले आहे.

सकाळची विरार लोकल आठवा. पाय ठेवायला जागा नसते, तरी एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात फोन. अजून अंधेरी आलेली नसते, पण कामाचा दिवस सुरू झालेला असतो. रात्री आलेले ई-मेल, साहेबांचा निरोप, कचेरीच्या गटावरची चर्चा, मुलांच्या शाळेची सूचना, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा वाद, आणि या सर्वांच्या मध्ये गुलाबाची फुले लावलेले पंचवीस ‘सुप्रभात’. कचेरीत पोहोचेपर्यंत माणूस अर्धा दमलेला असतो आणि खरे काम अजून हातीही घेतलेले नसते. संध्याकाळी घरी परतल्यावर तो सांगतो, “दिवसभर श्वास घ्यायला फुरसत नव्हती.” काय केले, असे विचारले तर मात्र पटकन सांगता येत नाही.

हे आम्ही दुसऱ्यांना शहाणपण शिकवायचे म्हणून लिहीत नाही. आधी आमचीच कबुली.

मागच्या पावसाळ्यातला एक शनिवार. मरियामातेच्या जन्मोत्सवाचा नोव्हेना चालू होता. आमच्या धर्मगुरूनिवासातील फोनवर नऊ गट आहेत : पॅरिश कौन्सिल, महिला मंडळ, युवक संघ, धर्मशिक्षणाचे शिक्षक, गायनवृंद आणि असेच आणखी काही. त्या दिवशी मंडपाच्या ताडपत्रीवरून चर्चा रंगली होती. कुणी नोव्हेनाचे फोटो पाठवीत होते, कुणी त्या फोटोंना हात जोडत होते. आम्हीही तत्परतेने उत्तरे देत होतो. त्या एका दिवसात पन्नास-साठ निरोप तरी निकालात काढले असतील. रात्री जेवायला बसताना मनात समाधान होते की आज बरेच काम उरकले.

साडेनऊला फोन पुन्हा चाळताना एक निरोप दिसला. दुपारी पावणेचारला आलेला. गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका मुलाने लिहिले होते की आईची तब्येत एकाएकी खालावली आहे, फादर येऊ शकतील का. आम्ही तसेच तेल आणि स्टोल घेऊन निघालो. पोहोचलो तेव्हा अंगणात माणसे जमली होती. आठ वाजता आजीने डोळे मिटले होते.

गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत वर्षानुवर्षे या आजीने सकाळची पहिली मिस्सा चुकवली नव्हती. आदल्या दिवशीच पहिला शुक्रवार होता. आम्ही घरी जाऊन तिला पवित्र कम्युनियन दिले होते, तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. परमेश्वर आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही, त्याची दया त्यांच्याही पलीकडे पोहोचते, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तिच्या प्रभूने तिला आपल्याजवळ घेतले असेल याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण तिने आयुष्यभर ज्या अभ्यंगाची आस धरली होती, तो तिला मिळाला नाही. तेल होते, धर्मगुरू होते, वेळही होता. निरोप मात्र ताडपत्रीखाली दबून गेला होता.

मुलाने आम्हांला बोल लावला नाही. तो एवढेच म्हणाला, “फादर, नोव्हेनात तुम्ही कामात असाल म्हणून मी फोन नाही केला.”

हे वाक्य आजही आमचा पाठलाग करते. आमच्या कामाचा दबदबा एवढा झाला होता की ज्याच्यासाठी ते काम होते, तोच दाराबाहेर थांबला.

आता आजच्या शुभवर्तमानाकडे वळू या. बेथानीच्या घरात मार्था राबते आहे आणि मरिया प्रभूच्या चरणांशी बसून ऐकते आहे. पुष्कळदा आपण हा उतारा ऐकतो आणि मनातल्या मनात मार्थाची बाजू घेतो. सगळ्यांनीच बसून राहायचे म्हटले तर जेवण कोण रांधणार? ही शंका रास्त आहे. प्रभूला घरात बोलावले ते मार्थानेच. तिच्या कष्टांना प्रभू नावे ठेवीत नाही. संत लूकने तिच्या अवस्थेसाठी जो ग्रीक शब्द वापरला आहे, त्याचा अर्थ आहे चहूबाजूंनी ओढले जाणे. चूल एकीकडे ओढते, पाहुणे दुसरीकडे, बहिणीवरचा राग तिसरीकडे. अशा माणसाचे पुढे काय होते, तेही संत लूक दाखवितो. मार्था बहिणीवर चिडते आणि खुद्द पाहुण्यालाच, ‘तिला जरा सांगा’ म्हणून कामाला लावते. ज्याच्या स्वागतासाठी एवढा खटाटोप, त्यालाच ती टोचून बोलते. आपण कचेरीतून दमून घरी येतो आणि दार उघडणाऱ्या माणसावरच खेकसतो, तेव्हा मार्थाचीच गत आपली झालेली असते.

प्रभू तिला दोनदा नावाने हाक मारतो. दोनदा, कारण पहिली हाक बहुधा कानांवरून गेली असावी! आणि मग तो सांगतो की मरियेने चांगला वाटा निवडला आहे. आपल्या मराठीत हे क्रियापद किती बोलके आहे पाहा. वाटा निवडायचा असतो आणि तांदूळही निवडायचे असतात. निवडणे म्हणजे एक ठेवणे आणि दुसरे बाजूला काढणे. सगळेच ठेवले तर ते निवडणे नव्हे, ते नुसते साठवणे झाले.

कामच वाईट असते तर आजचे पहिले वाचन ख्रिस्तसभेने आपल्यापुढे ठेवलेच नसते. भर दुपारच्या उन्हात अब्राहाम तंबूच्या दाराशी बसला आहे. तीन अनोळखी माणसे दिसताच तो धावत सामोरा जातो, सारेला पीठ मळायला सांगतो, स्वतः गुरांकडे धावून कोवळे वासरू निवडतो. धावपळ त्यालाही चुकली नाही. पण पाहुणे जेवायला बसल्यावर तो झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहतो. त्याचे हात रिकामे झाले आहेत आणि लक्ष पाहुण्यांवर आहे. म्हणूनच सारेला मुलगा होणार हे वचन त्या घरात ऐकले गेले. अब्राहाम त्या वेळी दुसऱ्या दिवशीच्या कामांच्या चिंतेत असता तर?

मार्थाची गोष्टही बेथानीच्या त्या एका दिवसावर संपत नाही. संत योहान सांगतो की लाजरस मरण पावला तेव्हा हीच मार्था प्रभूला सामोरी गेली आणि तिने आपला विश्वास ठामपणे प्रकट केला. पुढे बेथानीत प्रभूसाठी भोजन झाले तेव्हा मार्था वाढतच होती. काम तेच, हात तेच. तक्रार तेवढी नाही. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी २९ जुलैचा सण मार्था, मरिया व लाजरस या तिघांचा मिळून साजरा करण्यास मान्यता दिली. राबणारी बहीण आणि ऐकणारी बहीण आता एकाच दिवशी, एकाच प्रार्थनेत आपल्यापुढे येतात.

माहितीच्या ओझ्याचा हा प्रश्न केवळ धर्मगुरूंनीच मांडला आहे असे नाही. हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानाने १९७१ सालीच दाखवून दिले होते की माहिती खाते ते ऐकणाऱ्याचे लक्ष. माहितीची रेलचेल झाली की लक्षाचा दुष्काळ पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधक ग्लोरिया मार्क यांनी कचेरीत काम करणाऱ्या माणसांचे निरीक्षण केले. २००४ च्या सुमारास माणूस संगणकाच्या एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकत असे. अलीकडच्या वर्षांत तो काळ ४७ सेकंदांवर आला आहे. ४७ सेकंदांत ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना शांतपणे एकदा म्हणून होते, फार तर दोनदा. तेवढ्या वेळात आपले मन दुसरीकडे उडालेले असते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१२ च्या जागतिक संपर्कसाधन दिनाच्या संदेशासाठी ‘मौन आणि शब्द’ हा विषय निवडला होता. माणसाने न विचारलेल्या प्रश्नांच्याही उत्तरांचा भडिमार त्याच्यावर होतो आहे आणि अशा वेळी महत्त्वाचे प्रश्न ओळखण्यासाठी मौन लागते, असे त्यांनी त्यात समजावले आहे.

मग करायचे काय? फोन समुद्रात फेकून देता येत नाही. त्यावर आपली नोकरी आहे, दूरदेशी गेलेली मुले आहेत. सुदैवाने आपल्या पूर्वजांनी या गोष्टीवर आपल्याआधी विचार केलेला आहे.

मोशेकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांची रांग लागत असे. त्याचा सासरा इथ्रो भेटीला आला, त्याने एक दिवस हे पाहिले आणि स्पष्ट सांगितले की असे चालू राहिले तर तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमायची, सोपी कामे त्यांनी उरकायची आणि अवघड तेवढी मोशेपुढे आणायची, अशी व्यवस्था त्याने सुचवली. सगळे सगळ्यांना कळवण्याची आज आपल्याला जी सवय जडली आहे, तिच्यावर हा फार जुना उतारा आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. मठाच्या कोठाराची जबाबदारी ज्याच्याकडे असते, त्या कोठाऱ्याविषयी तीत एक प्रकरण आहे. मागायचे ते ठरलेल्या वेळी मागावे आणि द्यायचे ते ठरलेल्या वेळी द्यावे, म्हणजे देवाच्या घरात कुणाचे मन अस्वस्थ होणार नाही, असे ते सांगतात. समुदाय मोठा असेल तर कोठाऱ्याला मदतनीस द्यावेत, हेही सांगायला ते विसरले नाहीत. आणि प्रार्थनेची घंटा झाली की हातातले काम आहे तिथेच ठेवून निघावे. अपुरे काम ठेवून उठणे हीसुद्धा एक साधना आहे. जगाचा गाडा माझ्यावाचून घटकाभर चालू शकतो, याची ती कबुली असते.

संत इग्नेशियस लोयोला यांची जवळजवळ सात हजार पत्रे आज उपलब्ध आहेत. जगभर पसरलेला येशूसंघ त्यांनी रोममधल्या एका खोलीतून सांभाळला. १५४२ साली त्यांनी आपले सोबती संत पीटर फाबर यांना पत्र कसे लिहावे, हे कळवले. मुख्य पत्रात महत्त्वाचे आणि इतरांना दाखवता येईल असे तेवढेच लिहावे, बाकीचा मजकूर वेगळ्या कागदांवर घालावा. मुख्य पत्र एकदा लिहून तपासावे आणि पुन्हा स्वच्छ लिहावे. आपण स्वतः असेच करतो, असेही त्यांनी सांगितले. वाचणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून लिहिणाऱ्याने जास्त कष्ट घ्यायचे, ही त्यामागची प्रीती. कचेरीतून ई-मेल पाठविणाऱ्या प्रत्येकाने हा धडा गिरवावा.

आणि स्वतः प्रभू येशू? कफर्णहूममध्ये संध्याकाळी सारे नगर दाराशी लोटले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे तो एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन शोधत आला आणि सगळे तुला शोधत आहेत म्हणाला. तरी प्रभू परत गेला नाही, पुढच्या गावांकडे निघाला. आपण कशासाठी आलो आहोत, हे त्याला पहाटेच्या प्रार्थनेत स्पष्ट झाले होते. पण हाच प्रभू याईराच्या घरी घाईने जात असताना, गर्दीत एका आजारी बाईने त्याच्या वस्त्राला हात लावला, तेव्हा थांबला. चहूकडून लोक रेटत होते आणि त्याला त्यातला एकच स्पर्श वेगळा जाणवला.

इथे आम्हांला आमच्या चुकीचे मूळ सापडले. मधेच येणारे प्रत्येक माणूस ही अडचण नसते. कित्येकदा तेच आपले खरे काम असते. गर्दी बाजूला सारायची ती अधिक कामे उरकण्यासाठी नव्हे, तर तो एक स्पर्श जाणवावा म्हणून. तांदळातले खडे वेचायचे ते सूप रिकामे दिसावे म्हणून नव्हे, तर घरच्यांना सुखाने घास घेता यावा म्हणून.

त्या रात्रीनंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. आजाऱ्यांसाठी वेगळा क्रमांक ठेवला. त्यावर फक्त फोन करायचा आणि तो रात्री उशाशी असतो. सूचनांच्या गटावर आता फक्त सूचनाच येतात. इतर निरोप आम्ही दिवसातून तीन वेळा पाहतो. जुन्या लोकांना आंजेलूसची घंटा आठवत असेल : सकाळी, दुपारी, संध्याकाळी. ती घंटाही कामात व्यत्यय आणायची, पण देवाकडे नेऊन माणसाला पुन्हा कामावर आणून सोडायची. त्या तीन वेळाच आम्ही धरल्या. आधी आंजेलूस, मग निरोप.

आपणही आपापल्या कामाच्या ठिकाणी पुढील गोष्टी करून पाहाव्यात, असे आम्ही सुचवितो.

१. दिवसाची सुरुवात निरोपांनी करू नये. आधी क्रूसाची खूण, दोन मिनिटे प्रार्थना आणि आज कोणते एक काम झालेच पाहिजे, हे कागदावर लिहावे. पडदा त्यानंतर उघडावा.

२. ई-मेल आणि निरोप पाहण्याच्या वेळा ठरवाव्यात आणि सहकाऱ्यांना तसे सांगावे. तातडीचे असेल तर फोन करा, असेही सांगावे. ज्यांच्या नोकरीत हे चालत नाही, त्यांनी निदान दिवसातला एक तास तरी फोन खणात ठेवून एकच काम करावे.

३. कामातून उठावेच लागले तर कुठे थांबलो, ते एका ओळीत लिहून उठावे. परत आल्यावर धागा शोधत बसावे लागत नाही, आणि समोर आलेल्या माणसाकडे पूर्ण लक्ष देता येते.

४. पाठविण्याआधी विचारावे : हे कुणाला हवे आहे? सर्वांना उत्तर देण्याची खरोखरच गरज आहे का? आलेले पुढे ढकलणे सोपे असते. पण आपला एक खडा शंभर सुपांत जाऊन पडतो. ऐकीव, खातरजमा न केलेली बातमी पुढे धाडणे तर आठव्या आज्ञेशी जाऊन भिडते.

५. झोपण्यापूर्वी संत इग्नेशियस यांनी शिकविल्याप्रमाणे दिवसाचे आत्मपरीक्षण करावे. किती निरोपांना उत्तर दिले, हा हिशेब नको. आज मी कुणाचे मनापासून ऐकले? कोण माझ्या दाराशी येऊन परत गेले?

आपल्या धर्मग्रामात लहानमोठे उद्योग चालवणारे, कचेरीत दहा-वीस माणसांवर अधिकारी असणारे पुष्कळ आहेत. त्यांना एक विशेष विनंती. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर कचेरीचे निरोप न पाहण्याचा कामगारांचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला. आपल्याकडे लोकसभेत २०१८ साली अशा आशयाचे खासगी विधेयक मांडले गेले होते. पण आपल्या हाताखालच्या माणसाला रविवारी सकाळी निरोप न पाठविण्यासाठी ख्रिस्ती माणसाला कायद्याची वाट का पाहावी लागावी? संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या आपल्या परिपत्रकात ठासून सांगितले की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. पुढे १९९८ साली प्रभूच्या दिवसावर त्यांनी खास पत्र लिहिले. रविवार हा उरलेल्या कामांचा दिवस नव्हे. तो प्रभूच्या चरणांशी बसण्याचा आणि घरच्यांसोबत, फोन बाजूला ठेवून, एका ताटाभोवती जेवण्याचा दिवस आहे.

बंधुभगिनींनो, आज मिस्साहून घरी गेल्यावर एक करा. गेल्या आठवड्यातले निरोप एकदा शांतपणे चाळा, आजीने सूप चाळावे तसे. कुणाचा तरी एखादा निरोप खाली दबलेला सापडेल. गावी राहिलेली आत्या असेल, आजारातून उठलेला सहकारी असेल, बोलायला कचरणारा स्वतःचा मुलगाही असेल. त्याला लिहून उत्तर देऊ नका. फोन करा, किंवा सरळ त्याच्या दारी जा.

आणि आमच्याविषयीही एक विनंती. आम्ही कामात असू म्हणून कृपा करून कुणी थांबू नका. रात्री-अपरात्री फोन करा, दार वाजवा. आम्ही त्यासाठीच आहोत.

प्रार्थना करू या : हे प्रभो येशू, बेथानीच्या घरी तू मार्थाला दोनदा हाक मारलीस. आमच्या दिवसाच्या गलबल्यात आम्हांलाही नावाने हाक मार. आमच्या हातांना काम दे, आणि त्या कामात चांगला वाटा निवडण्याची बुद्धी दे. तुझा आवाज आणि तुझ्या दुबळ्या लेकरांचा आवाज आमच्याकडून पुन्हा ऐकायचा राहू नये. आमेन.